३७५ झाडांची यादी : स्मृतिवनाची समीक्षा कशी करायची?

"तुझं शिक्षण झाडांचंच ना? मग ३७५ झाडांची यादी टाक व्हॉट्सॲपला. शनिवारी मीटिंग आहे."

मामांचा हा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत वाळलेल्या गवताचे नमुने कागदावर चिकटवत बसले होते. मामा दौंड तालुक्यातले. तुकोबांची पालखी यवत आणि वरवंड असे दोन मुक्काम करत त्यांच्या भागातून जाते. २०२५ साली तुकोबांच्या वैकुंठगमनाला ३७५ वर्षं झाली. तेव्हा गावाने स्मृतिवन करायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं. आता येत्या पावसाळ्यात गावच्या गायरानात ३७५ खड्डे घ्यायचे आणि ३७५ झाडं लावायची असं ठरलंय. मधोमध वीणेच्या आकाराची पायवाट, कडेला अभंगांच्या पाट्या. आराखडा एका मुलाने मोबाइलवर काढलाय आणि छान काढलाय. कमी आहे ती फक्त यादी.

यादी करायला मला अर्धा तास पुरला असता. पण मी ती लगेच पाठवली नाही, कारण अशी एक यादी मी आधी केलेली आहे आणि तिचं काय झालं ते मला माहीत आहे. म्हणून आज शोधनिबंधाऐवजी एका बागेची समीक्षा करू. पीएच.डी.च्या तयारीला लागलेल्यांना वाटतं की समीक्षा म्हणजे छापील मजकुराचीच. तसं नाही. स्मृतिवन हेही एक विधान असतं. त्यात दावा असतो, पुरावा असतो, आणि न तपासलेली गृहीतकं तर असतातच.

माझी जुनी यादी

एम.एस्सी.ला असताना शिरूर तालुक्यातल्या एका संस्थेसाठी मी नक्षत्रवनाची यादी करून दिली होती. नक्षत्रवन तुम्ही पाहिलं असेलच. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचा एक आराध्यवृक्ष, गोलाकार मांडणी, आपल्या जन्मनक्षत्राच्या झाडापाशी उभं राहून फोटो. कृत्तिकेचा उंबर, रोहिणीचं जांभूळ, पुष्याचा पिंपळ, मघाचा वड. मी एका पुस्तकातून यादी उतरवली, वनस्पतींची शास्त्रीय नावं जोडली आणि दिली. पाठ थोपटून घेतली.

आता तीच यादी परीक्षकाच्या नजरेने बघा. आर्द्रेचा कृष्णागरू हा ईशान्य भारतातल्या पावसाळी जंगलातला वृक्ष. आश्लेषेचा नागचाफा सदाहरित जंगलातला. पूर्वाषाढेचा वेत दमट, सावलीच्या ठिकाणी वाढणारा. अश्विनीचा कुचला कोकणात सहज येतो. आणि शिरूर-दौंडचा पाऊस किती? सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा पट्टा, वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. नदीकाठी काळी जमीन, कालव्याखाली ऊस; पण गायरानं आणि माळ बघाल तर वीतभर मातीखाली मुरूम.

झालं ते असं. खैर, पळस, बेल, कडुनिंब जगले. रुई तर न लावताही आली असती. कृष्णागरू पहिल्याच उन्हाळ्यात गेला, नागचाफा दुसऱ्या. वेताच्या जागी कुणीतरी शोभेचा बांबू लावला. मागच्या वर्षी गेले तर पाट्या मात्र सत्तावीसच्या सत्तावीस शाबूत होत्या.

चूक संस्थेची नव्हती, माझी होती. माझ्या यादीत प्रत्येक झाडाचं नाव बरोबर होतं. फक्त ती यादी कुठल्या जमिनीसाठी आहे हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. संशोधनात अशी चूक फार सहज होते. पद्धत नीट पाळलेली असते, पण ती पद्धत त्या जागेला लागू आहे का हे कुणी पाहिलेलं नसतं.

पहिला प्रश्न : आकडा काय सांगतो?

स्मरणवर्ष आलं की झाडांची संख्या आपोआप ठरते. गुरू नानकांच्या ५५० व्या जयंतीला, २०१९ साली, इकोसिख या संस्थेने ५५० झाडांचं एक असं १,८२० वनांचं उद्दिष्ट ठेवलं. गुणाकार केलात तर दहा लाखांच्या थोडं वर जातं. म्हणजे एका छोट्या वनात वर्षांची संख्या, आणि सगळी मिळून मोठा आकडा. प्रतीक म्हणून हे नेटकं आहे, आणि माणसं कामाला लागतात. महाराष्ट्रानेही २०१६ पासून दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी आणि तेहतीस कोटी अशी वृक्षलागवडीची चढती उद्दिष्टं पाहिली. त्यातला तेहतीस कोटी हा आकडा आपल्या कानाला आधीपासूनच ओळखीचा आहे.

पण आकडा घट्ट आहे का? तुकोबांचं वैकुंठगमन शके १५७१, फाल्गुन वद्य द्वितीया. इंग्रजी सन १६५० धरलं तर २०२५ ला ३७५ वर्षं होतात. काही ठिकाणी १६४९ लिहिलेलं आढळतं. जन्मवर्षाबद्दल तर १५९८ की १६०८ असा वाद आहे. ज्ञानेश्वरांचं तेच. २०२५ हे त्यांच्या जन्माचं ७५० वं वर्ष म्हणून साजरं झालं ते १२७५ साल धरून; १२७१ धरणारेही आहेत. उत्सवाला याने काही बिघडत नाही. पण जे वन फक्त आकड्यावर उभं आहे त्याचं प्रतीक तेवढंच पातळ असतं, इतकं तरी लक्षात ठेवावं.

आता आकड्याचा हिशेब जमिनीवर मांडू. संशोधनाची तयारी करणाऱ्याने कागदाच्या मागे असा हिशेब करायची सवय लावून घ्यावीच. ३७५ झाडं तीन-तीन मीटरवर लावली तर ३,३७५ चौरस मीटर, म्हणजे साधारण ३३ गुंठे. पाच-पाच मीटरवर लावली तर सव्वादोन एकरांपेक्षा थोडं जास्त. मियावाकी पद्धतीने चौरस मीटरला तीन रोपं कोंबली तर सव्वा गुंठ्यात काम संपतं. बघा, आकडा तोच, पण वन एक गुंठ्यापासून दोन एकरांपर्यंत काहीही होऊ शकतं.

पाणी. समजा प्रत्येक रोपाला आठवड्याला २० लिटर दिलं. ३७५ रोपांना आठवड्याला ७,५०० लिटर. नोव्हेंबर ते मे असे तीस आठवडे धरले तर सव्वादोन लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेबावीस टँकर. हे एका वर्षाचं. रोपं लागी लागायला तीन वर्षं धरा. मी मामांना हा हिशेब सांगितला तेव्हा ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अगं बाई, मे महिन्यात टँकर आला तर आधी माणसं पाणी पितील का झाडं?"

प्रश्न त्यांनीच विचारला, उत्तरही त्यांनाच माहीत होतं.

दुसरा प्रश्न : झाडं कुठून निवडली?

आकड्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे ग्रंथातून झाडं घेणं. पंजाबात मोगा जिल्ह्यातल्या पत्तो हिरा सिंग या गावी २०२१ मध्ये गुरू ग्रंथ साहिब बाग झाली. ग्रंथात उल्लेख असलेल्या ५८ वनस्पती तिथे लावल्या आहेत. इथे झाड आणि वचन यांचं नातं दिसतं. माणूस झाडापाशी उभा राहून मजकूर आठवू शकतो. आपल्याकडे पंढरपुरात वन विभागाने यमाई तलावाजवळ तुळशी वृंदावन उभारलं, तिथेही तुळस आणि संतपरंपरा यांची सांगड आहे. नुसत्या आकड्यापेक्षा हे कितीतरी बरं.

तरीही समीक्षकाने एक शंका काढावी. ग्रंथात झाड आलं म्हणजे ते लावायची शिफारस झाली का? संत चंदन म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना सत्संगाबद्दल बोलायचं असतं. बाभूळ म्हणतात तेव्हा दुर्जनाबद्दल. रूपक म्हणून आलेलं झाड आणि कवीच्या दारात उभं असलेलं झाड यांत फरक करायला हवा. नाहीतर माळावर चंदन लावून बसू आणि बाभळी तोडू.

तिसरा मार्ग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, तो नात्याचा. नागपूरच्या दीक्षाभूमीवर बोधिवृक्ष आहे, त्याचं रोप श्रीलंकेतल्या अनुराधपुराच्या बोधिवृक्षाच्या वंशातलं. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या २,५०० व्या वर्षाची आठवण म्हणून दिल्लीच्या रिजवर केलेल्या बुद्ध जयंती पार्कमध्येही श्रीलंकेहून आलेलं बोधिवृक्षाचं रोप १९६४ मध्ये लावलं गेलं. इथे २,५०० झाडं मोजत बसायची गरज नाही. एक झाड पुरतं, कारण ते कुठून आलं हे सांगता येतं.

आणि वारकरी परंपरेकडे अशी 'नात्याची' झाडं आधीपासूनच आहेत! देहूला वैकुंठस्थानी नांदुरकी आहे. बीजेच्या दिवशी दुपारी बारा वाजून दोन मिनिटांनी तिची पानं थरारतात ही भाविकांची श्रद्धा, आणि त्या क्षणासाठी हजारो माणसं तिथे जमतात. आळंदीला अजानवृक्ष आहे. त्याची मुळी ज्ञानोबांच्या गळ्याला लागली, एकनाथांना दृष्टांत झाला, त्यांनी आळंदीला येऊन ती काढली, आणि मग शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, अशी कथा. पंढरपुरात विठ्ठलमंदिराच्या दक्षिण बाजूला कान्होपात्रेची समाधी आणि तिथे उगवलेली तरटी.

आता वनस्पतिशास्त्राचं पुस्तक काढा. नांदुरकी म्हणजे फायकस मायक्रोकार्पा, वड-पिंपळाच्या कुळातली, गर्द सावलीची. अजानवृक्ष म्हणजे एहरेशिया लीव्हिस, कोरड्या पानझडी रानात वाढणारा. तरटी म्हणजे कॅपॅरिस डिव्हॅरिकाटा, काटेरी, वेडीवाकडी, रोपवाटिकेत कुणी विचारणार नाही अशी. तरटी ही अस्सल माळाची वनस्पती. मंगळवेढ्याहून आलेल्या कान्होपात्रेसाठी परंपरेने निवडलेलं झाड कुठल्या दूरच्या वनातलं नाही, तिच्याच मुलखातलं आहे. मामांच्या मुलखातलंही.

तिसरा प्रश्न : लावण्याआधी तिथे काय होतं?

हा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण उत्तर सगळ्यांना माहीत असल्यासारखं वाटतं : "काही नव्हतं, पडीक होतं."

ज्या गायरानात हे वन व्हायचं आहे तिथे मी गेल्या पावसाळ्यानंतर दोन दिवस फिरले. पवन्या, मारवेल, कुसळी, डोंगरी अशी गवतं. मधेच हिवर, बोर, एखादी नेपती. धाविक पक्षी पळताना दिसला. चंडोल तर किती. दिवाळीनंतर तिथे मेंढरांचा वाडा उतरतो. ज्या धनगर आजोबांशी बोलले त्यांनी मला बसल्या जागेवरून नऊ गवतांची नावं सांगितली, त्यातली तीन मला ओळखता आली नव्हती. मी एम.एस्सी. फर्स्ट क्लास!

सरकारी नोंदीत मात्र अशी झुडपी-गवताळ जमीन पडीक जमिनींच्या नकाशात जाते. एकदा पडीक म्हटलं की तिच्यावर काहीही करायला मोकळीक मिळते, मग तो सोलर प्रकल्प असो, गोदाम असो की वृक्षलागवड. आणि वृक्षलागवडीला विरोध कोण करणार? शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरच्या आसपासचं, चिंकारांसाठी राखलेलं. चिंकाराला तिथे कुरण लागतं, दाट झाडी नव्हे. लांडगा, खोकड यांचंही तेच. अभयारण्य एवढंसं असल्यामुळे त्यांचा बराचसा वावर आपल्या गायरानांतच असतो.

इथे थोडं जगातल्या वादाकडे बघू, कारण तुमच्या मुलाखतीत हे विचारलं जाऊ शकतं. २०१९ मध्ये सायन्स या नियतकालिकात बॅस्टिन आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. पृथ्वीवर आणखी ०.९ अब्ज हेक्टर क्षेत्रावर झाडांचं आच्छादन वाढवता येईल आणि त्यात २०५ अब्ज टन कार्बन साठेल, असा त्यांचा दावा. जगभर बातम्या झाल्या. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात वेल्डमन आणि इतर बऱ्याच शास्त्रज्ञांनी उत्तर दिलं की हा अंदाज सुमारे पाच पट फुगलेला आहे. एक कारण असं की मूळच्या गवताळ प्रदेशांनाही त्यांनी 'झाडं लावायची जागा' धरलं होतं. गवताळ जमिनीत कार्बन नसतो असं नाही; बराचसा जमिनीखाली असतो, म्हणून डोळ्यांना दिसत नाही.

मग मामांनी विचारलेला प्रश्न : "पण हे माळ पूर्वी जंगलच असणार ना? तोडून तोडून उघडे पडले."

हे गृहीतक इतकं पक्कं आहे की शाळेपासून आपण ते ऐकत आलोय. त्याची तपासणी कशी करायची? परागकण, मातीतला कार्बन, जुने नकाशे हे मार्ग आहेतच. पण आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी वेगळाच पुरावा वापरला, आणि तो आपल्या घरातला आहे : जुनं मराठी साहित्य. चरित्रं, ओव्या, लोकगीतं यांतले पश्चिम महाराष्ट्रातल्या माळांचे आणि वनस्पतींचे उल्लेख त्यांनी गोळा केले. २०२५ मध्ये पीपल अँड नेचर या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधात ४४ रानवनस्पतींची नोंद आहे आणि त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश माळरानाच्या, म्हणजे सॅव्हानाच्या वनस्पती आहेत. निष्कर्ष असा की हे माळ किमान साडेसातशे वर्षं माळच आहेत.

साडेसातशे वर्षं म्हणजे ज्ञानोबांच्या काळापर्यंत मागे. पंढरीच्या वाटेवर संत चालले ती वाट बरीचशी अशाच उघड्या, काटेरी, गवताळ मुलखातून गेली असणार.

विद्यार्थी म्हणून या निबंधावरही प्रश्न काढायला विसरू नका. कवी वाटेवर दिसणारंच लिहितो, आडरानातलं कमी लिहितो. साहित्यात नाही म्हणजे जमिनीवर नव्हतं असं होत नाही. शिवाय माळ उघडा राहण्यात चराई आणि वणवा यांचा वाटा किती हा वाद वेगळा. पण एक गोष्ट पक्की झाली. "पूर्वी इथे जंगलच होतं" हे आता सिद्ध करावं लागेल, नुसतं म्हणून चालणार नाही. पुराव्याचं ओझं दुसऱ्या बाजूला सरकलं.

आणि तो अभंग

वृक्षवेलींना सोयरे म्हणणारा तुकोबांचा अभंग प्रत्येक वृक्षारोपणाच्या पाटीवर असतो. आमच्या आराखड्यातही प्रवेशद्वारावर तोच आहे. पण पाटीवर बहुधा पहिला चरण येतो, पुढचा अभंग येत नाही. घरी गाथा असेल तर पूर्ण वाचा. तिथे सोयऱ्यांच्या यादीत वेली आहेत, रानात फिरणारे जीव आहेत, गोड आवाजाचे पक्षी आहेत. तुकोबा तिथे सभा भरवत नाहीत, एकांत शोधतात. डोक्यावर मांडव म्हणून आभाळ आणि बसायला जमीन, एवढं त्यांना पुरतं. आपल्याच मनाशी बोलणं चाललंय.

आता आमचा आराखडा या अभंगाशेजारी ठेवून बघा. सोयऱ्यांपैकी फक्त वृक्ष ठेवले. गवतावरचा चंडोल, मेंढरामागून फिरणारा लांडगा, हिवरावर चढलेली वेल, हे सगळं जेसीबीने साफ करून मग 'सोयरे' लावायचे. आभाळाचा मांडव काढून तिथे पत्र्याचा. एकांताच्या जागी स्पीकर. माझा आक्षेप झाडांना नाही. माझा आक्षेप असा की ज्या अभंगाच्या नावाने बाग उभी राहतेय तोच अभंग बागेने नीट वाचलेला नाही. समीक्षेत यापेक्षा मोठा दोष मला माहीत नाही.

मामांची बाजू

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझं बरोबर असंल. पण गवताला हार कोण घालणार? लोकांना काहीतरी डोळ्याला दिसायला लागतं. वारकऱ्याला सावली लागती. तू म्हणतीस तसं केलं तर लोक म्हणतील काहीच केलं नाही."

हा आक्षेप हसण्यावारी न्यायचा नाही. माळाचं कौतुक करणारे आम्ही संशोधक हीच चूक करतो : 'काही करू नका' एवढंच सांगतो. स्मरण ही क्रिया आहे. माणसांना हातांनी काहीतरी करायचं असतं. श्रद्धेने घेतलेला खड्डा आणि ठेकेदाराने घेतलेला खड्डा यात फरक असतो, पहिल्याला पाणी घालायला कुणीतरी येतं. आणि सावलीचं तर शंभर टक्के खरं. ज्येष्ठ-आषाढात पाऊस ओढ देतो तेव्हा यवतहून वरवंडाकडे, पुढे रोटी घाटाकडे चालणाऱ्याला विचारा. नोव्हेंबर २०२१ मध्ये पालखी महामार्गाचं भूमिपूजन झालं. रस्ता रुंद झाला, पण वडाची सावली डांबरासारखी ओतून मिळत नाही, तिला पन्नास वर्षं लागतात.

म्हणजे सावली हवी आहे ती वाटेवर. आणि वन होतंय गायरानात, जिथे वारकरी जाणारच नाही!

हे लक्षात आलं आणि गाठ सुटली. मी शनिवारी यादी पाठवली. ती अशी :

१. गायरानात खड्डे नकोत. तिथे एकच पाटी : इथल्या गवतांची आणि पक्ष्यांची नावं. धनगर आजोबांना विचारून. चराई आजवर होती तशीच.

२. पालखीच्या वाटेवर, जिथे माणसं टेकतात आणि विहीर किंवा नळ जवळ आहे अशा ठिकाणी नांदुरकी, वड, चिंच, कडुनिंब, मिळून फार तर २५. प्रत्येकाला दगडी पार. प्रत्येक झाड एका वाडीकडे किंवा आळीकडे. यवतला जसं पिठलं-भाकरीचं काम घराघरांत वाटून घेतात तसंच पाणी वाटून घ्यायचं.

३. मंदिरामागच्या मोकळ्या जागेत एक अजानवृक्ष आणि एक तरटी. रोप कुठून आणलं ते पाटीवर लिहायचं. माहीत नसेल तर लावायची घाई नको.

४. ३७५ हा आकडा ठेवायचा, पण वेगळ्या कामाला. गावातल्या ३७५ जीवजातींची नोंद : झाडं, वेली, गवतं, पक्षी, फुलपाखरं, किडे, मासे. जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि त्याखाली लोकजैवविविधता नोंदवही गावाने करायचीच असते. शाळेतली पोरं आणि म्हातारी माणसं एकत्र बसवली तर वर्षभरात आकडा गाठता येईल. सोयऱ्यांची यादी करायचीच तर ती अशी.

५. एक, तीन आणि पाच वर्षांनी मोजणी. किती जगली, किती गेली, ग्रामसभेत वाचून दाखवायचं. गेलेल्या झाडाची पाटी काढून टाकायची.

पाचवा मुद्दा माझ्या जुन्या नक्षत्रवनाने शिकवलेला आहे.

मीटिंगला मी नव्हते. मामा सांगतात की पहिल्या मुद्द्यावर बराच आरडाओरडा झाला, कारण गायरानाच्या कुंपणासाठी निधीची चौकशी आधीच झाली होती. दुसरा मुद्दा एकमताने मान्य. तिसऱ्यावर एक म्हातारे वारकरी म्हणाले, तरटी कशाला विकत आणायची, माझ्या बांधावर आहे. चौथ्यावर शाळेच्या बाई खूश. पाचव्यावर कुणी काही बोललं नाही. गायरानाचा निर्णय पुढच्या ग्रामसभेवर गेला आहे, आणि तो काय होईल हे मला खरंच सांगता येत नाही. ग्रामसभेला मी जाणार आहे. धनगर आजोबांचा वाडा तेव्हा घाटाखाली असेल, त्यामुळे त्यांनी सांगितलेली नऊ गवतांची नावं मलाच तिथे वाचावी लागतील. राहिलेली तीन गवतं ओळखायचं काम तोवर उरकायचं आहे.

तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या गावात किंवा कॉलेजात एखादं स्मृतिवन, नक्षत्रवन, शताब्दी उद्यान असेलच. एक वही घेऊन जा. तीन रकाने करा : पाटीवर काय लिहिलंय, तिथे आज काय उभं आहे, आणि आधी तिथे काय होतं. तिसऱ्या रकान्यासाठी गावातल्या सत्तरीपुढच्या कमीत कमी दोन माणसांना विचारा, त्यातलं एक तरी माणूस गुरं-मेंढरं राखणारं असू द्या. रिसर्च प्रपोजल लिहिताना 'संशोधनातील उणीव' या मथळ्याखाली काय लिहायचं असं तुम्ही मला नेहमी विचारता. बऱ्याचदा ती तिसऱ्या रकान्यात सापडते.